रासायनिक क्रियेचा जमाखर्च



आजच्या भाषणाचा विषय आहे रासायनिक क्रियांत होणारी ऊर्जेची देवघेव. नाव जरा जड आहे, पण वस्तू घरातलीच आहे. हे भाषण वाचताना कागद आणि पेन्सिल जवळ असू द्या. हिशेब सोपा आहे. बेरीज-वजाबाकीपलीकडे त्यात काही नाही.

कळीचा चुना तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पांढरे, कोरडे, खडबडीत खडे. बादलीतल्या पाण्यात हे खडे सोडले, तर काही क्षण काहीच होत नाही. मग खडे तडकू लागतात, पाणी खदखदते, वाफेचे लोट निघतात. थोड्या वेळाने पाहावे तो खड्यांचा पत्ता नाही. तळाशी राहतो तो लोण्यासारखा मऊ, विरलेला चुना. बादलीखाली जाळ नव्हता. पाणी गार होते, खडेही गार होते. मग ही उष्णता आली कोठून?

‘चुन्यातच उष्णता असते’ असे उत्तर सर्रास दिले जाते. पण चुन्यात उष्णता भरलेली असती, तर तो कोरडा खडाही तापलेला असायला हवा होता. तसा तो नसतो. तेव्हा हे उत्तर पुरे पडत नाही. चला, या खड्याची जन्मकथा थोडी मागे जाऊन पाहू.

कळीचा चुना खाणीतून निघत नाही. खाणीतून निघतो तो चुनखडीचा दगड. आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूर भागात तो विपुल आहे. कोकणात आणि गोव्यात समुद्रातले शिंपले भाजूनही चुना करीत आले आहेत. दगड असो की शिंपला, द्रव्य मुख्यतः एकच: कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत कोळशाचे आणि दगडाचे थर रचून जाळ करतात आणि दगड सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तेवढा तापला की काम संपले असे होत नाही. त्या तापमानाला पोहोचल्यावरही दगड उष्णता खातच राहतो. ती खात असतानाच तो फुटतो. त्यातून कार्बन डायॉक्साइड वायू निघून जातो आणि मागे उरतो तो कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे आपला कळीचा चुना. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडी घेतली, तर ४४ ग्रॅम वायू उडून जातो, ५६ ग्रॅम चुना राहतो आणि या फुटण्यासाठी सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता खर्ची पडते. किलोज्यूल म्हणजे किती? एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

ज्या क्रियेत अशी उष्णता आत घेतली जाते, तिला ऊष्माग्राही क्रिया म्हणतात. भट्टीवाल्याने कोळशाचे पैसे मोजले, ते याच उष्णतेसाठी.

आता तोच ५६ ग्रॅम चुना पाण्यात टाका. त्याला १८ ग्रॅम पाणी लागते. दोघांचा संयोग होतो, कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते आणि सुमारे ६५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ही झाली ऊष्मादायी क्रिया. एक किलो शुद्ध चुनकळी विरली, तर निघणारी उष्णता साडेतीन लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्याइतकी असते. म्हणूनच सांगतो, चुना विरवणे हा पोरखेळ नव्हे. खडे भरपूर पाण्यात थोडे थोडे सोडावेत. खड्यांच्या ढिगावर थोडेसे पाणी शिंपडून वाकून पाहत बसू नये. डोळ्यांना चष्मा हवा. चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेलाच, तर चोळू नका. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान वीस मिनिटे डोळा धुवा आणि तडक डॉक्टरकडे जा. चुन्यामुळे नुसते भाजत नाही, त्याचा क्षार डोळा आतून जाळत जातो. दृष्टी कायमची जाऊ शकते.

आता हिशेबाकडे वळू. भट्टीत १७८ जमा केले, विरवताना ६५ परत मिळाले. बाकीचे ११३ कुठे गेले? एखादा म्हणेल, ‘गेले वाया!’ थांबा. चुन्याची गोष्ट अजून संपलेली नाही. जुन्या वाड्यांच्या भिंती आठवा. विरलेला चुना आणि वाळू बैलाच्या घाणीत मळून गवंडी दगडांच्या सांध्यांत भरीत. तो चुना दिवसेंदिवस, वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायॉक्साइड शोषून घेतो, पाणी सोडतो आणि पुन्हा होतो कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे भट्टीत घातला होता तोच दगड! या शेवटच्या पायरीत बाहेर पडणारी उष्णता मोजली, तर ती भरते सुमारे ११३ किलोज्यूल. करा बेरीज. ६५ आणि ११३ मिळून १७८. जमाखर्च पैनपै जुळला.

भिंतीतून निघणारी ही उष्णता कुणाला जाणवत कशी नाही? कारण ती अतिशय सावकाश निघते. क्रियेत किती उष्णता निघते हा एक प्रश्न, आणि ती किती वेगाने निघते हा निराळा प्रश्न. परीक्षेत या दोहोंची गल्लत फार होते, म्हणून मुद्दाम सांगितले.

हा जुळलेला हिशेब योगायोगाचा नव्हे. १८४० साली रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे जर्मेन हेस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने अनेक मोजमापे करून हा नियम मांडला. आरंभीचे पदार्थ आणि शेवटचे पदार्थ तेच असतील, तर क्रिया एका पायरीत होवो की चार पायऱ्यांत, उष्णतेची एकूण देवघेव तेवढीच असते. नवल म्हणजे, ऊर्जेच्या अक्षय्यतेचा सर्वसाधारण नियम तोपर्यंत नीटसा मांडला गेलेला नव्हता. मायर, ज्यूल, हेल्महोल्ट्झ यांचे काम १८४२ ते १८४७ या काळातले. हेसचा नियम हे त्याच मोठ्या सत्याचे रसायनशास्त्रातले रूप होय.

हा नियम समजायला आपला सह्याद्री फार उपयोगी आहे. पुण्याहून अलिबागला जायचे आहे. बोरघाटाने उतरा की ताम्हिणी घाटाने उतरा. रस्ता लांब असेल, आखूड असेल, वळणे कमी असतील, जास्त असतील. पण पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आणि अलिबाग समुद्रकाठी. दोहोंतला चढउताराचा फरक वाटेवर अवलंबून नाही. रासायनिक क्रियेतही पदार्थ ऊर्जेच्या एका उंचीवरून दुसऱ्या उंचीवर जातात. उतरले की उष्णता देतात, चढायचे असले की घेतात.

इथे चिन्हांचा गोंधळ मिटवून टाकू. पुस्तकात ऊष्मादायी क्रियेपुढे उणे चिन्ह असते आणि मुले म्हणतात, ‘सर, उष्णता मिळाली, तर मग उणे कसे?’ उत्तर असे की हिशेबाची वही क्रिया करणाऱ्या पदार्थांची आहे, आपली नव्हे. त्यांच्या खिशातून गेले म्हणून उणे. आपल्या हाताला ऊब मिळाली, ती त्यांच्या खर्चातून.

पण पदार्थांच्या खिशात ही ऊर्जा असते कशाच्या रूपाने? तर अणूंच्या परस्पर बंधांच्या रूपाने. आणि नेमक्या याच जागी एक चूक घट्ट मूळ धरून बसली आहे. ‘बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते’ हे वाक्य तुम्ही ऐकले असेल, कदाचित लिहिलेही असेल. ते चुकीचे आहे. एकमेकांना चिकटलेली दोन लोहचुंबके ओढून वेगळी करून पाहा. जोर कोण लावतो? तुम्ही. आता ती जवळ आणून सोडून द्या. खटकन चिकटतात, बोट मध्ये सापडले तर चिमटाही बसतो. अणूंचेही तसेच. बंध तोडायला ऊर्जा लागते, बंध जुळताना ऊर्जा सुटते. क्रियेत जुने बंध तुटतात आणि नवे जुळतात. जुळण्यात जास्त सुटली तर क्रिया ऊष्मादायी, तोडण्यात जास्त लागली तर ऊष्माग्राही.

उदाहरण घेऊ. हायड्रोजन जळून पाणी होते. हायड्रोजनचे दोन मोल, ऑक्सिजनचा एक मोल. हायड्रोजनचा बंध तोडायला दर मोलला ४३६ किलोज्यूल, म्हणजे दोन मोलना ८७२. ऑक्सिजनचा बंध तोडायला ४९८. एकूण खर्च १,३७०. आता पाण्याच्या वाफेचे दोन मोल झाले, त्यांत हायड्रोजन-ऑक्सिजनचे चार मोल बंध, प्रत्येकी सुमारे ४६३. एकूण सुटले १,८५२. वजाबाकी करा: ४८२ किलोज्यूल शिल्लक. एवढी उष्णता, आणि तीही फक्त ३६ ग्रॅम पाणी तयार होताना! १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ श्रीहरिकोट्याहून निघाले, तेव्हा अग्निबाणाचा सर्वांत वरचा टप्पा याच क्रियेच्या जोरावर धावला. त्याच्या टाक्यांत होते द्रवरूप हायड्रोजन आणि द्रवरूप ऑक्सिजन.

आता तुम्ही विचाराल, ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आले की ऊर्जा सुटतेच, तर ते आपण होऊन पेट का घेत नाहीत? लाकडाची वखार हवेतल्या ऑक्सिजनमध्ये वर्षभर उभी असते, ती का जळत नाही?’ प्रश्न रास्त आहे. पुन्हा घाटाकडे चला. पुण्याहून आगगाडीने खोपोलीकडे जायचे म्हणजे एकूण उतारच. तरीसुद्धा आधी लोणावळ्यापर्यंत थोडे चढावे लागते, कारण लोणावळा पुण्याहून उंच आहे. तो घाटमाथा ओलांडला, मग उतार. रासायनिक क्रियेलाही असा घाटमाथा असतो. आधी काही बंध तोडावे किंवा सैल करावे लागतात, त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेला सक्रियण ऊर्जा म्हणतात. काडी ओढणे म्हणजे एवढेच: पेटीच्या कडेवर तांबडा फॉस्फरस असतो, काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट, घर्षणाची जराशी उष्णता पहिल्या काही रेणूंना घाटमाथ्यावर चढवते. ते उतरताना जी उष्णता सुटते, ती शेजारच्यांना वर ढकलते. म्हणून एकदा पेटलेली आग आपल्या पायावर चालते. उत्प्रेरक काय करतो? डोंगरात बोगदा काढतो. चढ कमी होतो, गाडी लवकर पोहोचते. पण पुण्याची उंची आणि खोपोलीची उंची बोगद्याने बदलत नाही. तशीच क्रियेतली एकूण उष्णताही उत्प्रेरकाने बदलत नाही.

ऊष्माग्राही क्रियांची दोन उदाहरणे शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली अवश्य पाहा. पहिले नवसागराचे. पेलाभर पाण्यात नवसागराचे चार-पाच चमचे ढवळा. पेला बाहेरून गार लागू लागतो. नीट बोलायचे तर हे विरघळणे आहे, नवा पदार्थ होत नाही. पण देवघेवीचा नियम तोच. इथे बऱ्याच मुलांची फसगत होते. ती लिहितात, ‘गार झाले, म्हणजे उष्णता बाहेर गेली.’ नेमके उलट! स्फटिकातले आकर्षण सोडवायला उष्णता लागली आणि ती शेजारच्या पाण्याकडून घेतली. पाणी गरीब झाले म्हणून गार झाले.

दुसरे उदाहरण मोरचुदाचे. निळे खडे परीक्षानळीत हलकेच तापवा. निळा रंग जातो, पांढरी भुकटी उरते, नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात. उष्णता खाऊन स्फटिकातले पाणी निघून गेले. नळी थंड झाल्यावर त्या भुकटीवर दोन थेंब पाणी टाका. निळा रंग परत येतो आणि नळी हाताला चांगली गरम लागते. चढायला जेवढे घेतले, तेवढे उतरताना परत. मोरचूद विषारी आहे. हात धुवायला विसरू नका. आणि प्रयोगशाळेतलाच एक नियम याच प्रकरणातला: तीव्र गंधकाम्लात पाणी कधीही ओतायचे नाही, पाण्यात आम्ल, तेही थेंब थेंब, ढवळत सोडायचे. दोहोंच्या मिश्रणात इतकी उष्णता सुटते की वरून ओतलेले पाणी उसळून आम्लासह अंगावर येते.

पृथ्वीवरची सर्वांत मोठी ऊष्माग्राही क्रिया मात्र कुणाच्याही प्रयोगशाळेत चालत नाही. ती चालते हिरव्या पानात. कार्बन डायॉक्साइड आणि पाणी यांपासून १८० ग्रॅम ग्लुकोज तयार व्हायला सुमारे २,८०० किलोज्यूल लागतात, आणि त्या पुरवतो सूर्यप्रकाश. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात चुलाणात वाळलेली चिपाडे घालतात आणि वर काईलीत रस उकळतो. चुलाणातला तो जाळ म्हणजे उसाच्या पानांनी वर्षभर साठवलेले ऊनच. आणि तो गूळ तुम्ही खाल्लात की तेच ऊन तुमच्या अंगात सुटते. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात एक गिनीपिग ठेवला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजले. श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, हा त्यांचा निष्कर्ष. तुमच्या अंगातही जाळ आहे, बरं का; फक्त ज्योत दिसत नाही.

शेवटी एक हिशेब सांगतो. हा केवळ गुणांसाठी नाही, तर जिवासाठी आहे.

१२ ग्रॅम शुद्ध कर्ब भरपूर हवेत जळला, तर कार्बन डायॉक्साइड होतो आणि ३९४ किलोज्यूल उष्णता मिळते. हवा अपुरी असली, तर तोच कर्ब अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होतो आणि मिळतात फक्त १११. उरलेले २८३ कुठे गेले? हेसचा नियम सांगतो, कुठेही गेले नाहीत. ते त्या कार्बन मोनॉक्साइड वायूत शिल्लक आहेत. हा वायू पुढे जळला असता, तर तेवढेच मिळाले असते. म्हणजे अर्धवट जळणाऱ्या कोळशाचे जवळजवळ पाऊण धन आपण खोलीत मोकळे सोडून देतो. त्यात केवळ नुकसान असते, तर एक वेळ चालले असते. पण हा वायू भयंकर विषारी आहे. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी पटींनी घट्ट धरतो आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद खुंटते. माणसाला डोके जड वाटते, मळमळते, झोप येते. आणि ती झोप उतरत नाही.

थंडीच्या दिवसांत दारे-खिडक्या लावून, आत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबेच्या कुटुंबे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या वर्तमानपत्रांत आजही येतात. बंद न्हाणीघरातल्या गॅसच्या गिझरने हेच होते. शेगडीवर धूर दिसत नाही, निखारे लालबुंद आहेत, म्हणून घरचे निश्चिंत असतात. खरे तर धूर नसणे ही निर्धोकपणाची खूण नव्हे. घरात मोठी माणसे अनुभवाने शहाणी असतात, पण न दिसणाऱ्या, वास नसलेल्या गोष्टीचा अनुभव कुणाला येणार? इथे तुमचे पुस्तकच कामी आले पाहिजे. आज घरी जाऊन आजीला, आईला, वडिलांना नम्रपणे सांगा: निजायच्या खोलीत पेटती शेगडी ठेवू नये, गॅसचा गिझर असला, तर त्या खोलीला हवा येण्याजाण्याची वाट असावी, स्वयंपाकघरातल्या गॅसची ज्योत निळी असावी, ती पिवळी होऊन भांडी काळी पडू लागली तर बर्नर साफ करून घ्यावा. पिवळी, काजळी धरणारी ज्योत ही अर्धवट ज्वलनाची चिठ्ठीच आहे. आणि बंद खोलीत कुणी गुंगलेला आढळला, तर आधी दारे-खिडक्या उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच मदत बोलवा.

मित्रहो, निसर्ग उधारी ठेवत नाही आणि देणगीही देत नाही. वही मात्र चोख ठेवतो. भट्टीतल्या दगडाने घेतलेली उष्णता बादलीत आणि भिंतीत परत मिळते. कोळशाने न दिलेली उष्णता विषारी वायूच्या रूपाने समोर उभी राहते. ही वही वाचायला शिकणे म्हणजेच हे प्रकरण शिकणे.

जाता जाता एक गणित तुमच्यावर सोपवतो. २४ ग्रॅम कर्बापैकी निम्मा पूर्ण जळला आणि निम्मा अर्धवट. एकूण किती उष्णता मिळाली आणि किती गमावली? मिळालेल्या उष्णतेचे उत्तर ५०५ किलोज्यूल आले, तर गणित बरोबर. गमावलेल्या उष्णतेचा आकडा तुम्हाला वर याच भाषणात सापडेल. तो सापडला की खोलीची खिडकी उघडी आहे ना, एवढे एकदा पाहून या.